राज्याची सीमा ओलांडणाऱ्या ईएमटीसाठी: अमेरिकेतला ईएमएस कॉम्पॅक्ट कसा वापरायचा

मी मूळची बांद्याची. सावंतवाडी तालुक्यातलं हे गाव, पुढे पत्रादेवी आणि तिथून गोवा सुरू. आमच्याकडे पेशंट गंभीर झाला की घरात एकच प्रश्न असायचा: बांबोळीला कधी हलवायचा? गोवा मेडिकल कॉलेज दुसऱ्या राज्यात आहे याचा विचार त्या घडीला कोणीच करत नसे. जीव महत्त्वाचा, सीमा नंतर.

आज मी कॅन्सस सिटीत रुग्णवाहिकेवर ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणून काम करते. इथेही सीमा शहराच्या मधूनच जाते. स्टेट लाइन रोडच्या एका फुटपाथवर कॅन्सस, तर दुसऱ्यावर मिझुरी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस हॉस्पिटल कॅन्ससच्या बाजूला आणि लहान मुलांचं चिल्ड्रेन्स मर्सी मिझुरीच्या बाजूला, त्यामुळे एका पाळीत दोन-चार वेळा राज्य बदलणं इथे नेहमीचं आहे. पण अमेरिकेत ईएमटी आणि त्यांच्या वरच्या पातळीचे पॅरामेडिक यांना परवाना देतं राज्य. कॅन्ससचा परवाना खिशात असताना मिझुरीत पेशंटला हात लावायचा अधिकार मला कुठून मिळतो? त्याचं उत्तर ईएमएस कॉम्पॅक्ट, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय सेवेतल्या (ईएमएस) लोकांचे परवाने एकमेकांत मानायचा राज्याराज्यांतला करार. कायद्यातलं त्याचं लांबलचक नाव 'रेकग्निशन ऑफ ईएमएस पर्सोनेल लायसन्शर इंटरस्टेट कॉम्पॅक्ट'. जुने लोक त्याला नुसतं 'रेप्लिका' म्हणतात.

हे समजून घेताना मी बरेच हेलपाटे घातले. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांतून मला फोन आले. कोणाचा मुलगा मेडिकलला जाण्याआधी ईएमटी करतोय, कोणाची बायको एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर) आहे आणि रुग्णसेवेत यायचं म्हणते, कोणी गावाकडे १०८ वर डॉक्टर होतं. प्रश्न तेच ते येतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढते आहे.

१. आधी चार शब्द पक्के करा

निम्मा गोंधळ शब्दांचाच असतो.

*सर्टिफिकेशन आणि लायसन्स.* नॅशनल रजिस्ट्री ऑफ इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन्स ही १९७० पासूनची संस्था, मुख्यालय ओहायो राज्यातल्या कोलंबसला. ती परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. ते प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही किमान पात्रता गाठल्याचा पुरावा, काम करायची परवानगी नव्हे. परवानगी राज्य देतं. काही राज्यं आपल्या परवान्यालाच 'सर्टिफिकेट' म्हणतात, तिथे गफलत हमखास होते. कागदावर काय नाव छापलंय ते सोडा, तो कागद राज्य सरकारने दिलाय का तेवढं पाहा.

*होम स्टेट.* तुम्ही राहता ते राज्य, असा अर्थ लावू नका. ज्या सदस्य राज्याचा परवाना तुमच्याकडे आहे ते तुमचं होम स्टेट. नर्सेसच्या कॉम्पॅक्टमध्ये राहत्या घराचा पत्ता महत्त्वाचा असतो, इथे नाही. घरात कोणी नर्स असेल तर तिच्या अनुभवावरून तुम्हाला सल्ला मिळेल आणि तो इथे चुकीचा ठरेल.

*रिमोट स्टेट.* करारातलं असं दुसरं राज्य, जिथला परवाना तुमच्याकडे नाही.

*प्रिव्हिलेज टू प्रॅक्टिस.* होम स्टेटच्या परवान्यावर रिमोट स्टेटमध्ये काम करायची कायदेशीर मुभा. हा वेगळा परवाना नाही. मूळ परवाना गेला की ती मुभाही त्याच क्षणी जाते.

२. तुमचं राज्य करारात आहे का ते पाहा

दहा राज्यांनी सारखाच कायदा केला की करार अस्तित्वात येईल, अशी अट होती. मे २०१७ मध्ये जॉर्जिया दहावं राज्य ठरलं. मग राज्यांच्या प्रतिनिधींचा आयोग बसला, नियम ठरले, आणि प्रत्यक्ष मुभा सुरू झाली १६ मार्च २०२० ला. कोविडची लाट अमेरिकेवर आदळत होती तेच दिवस.

आज कॅन्सस, मिझुरी, नेब्रास्का, आयोवा, कोलोरॅडो, टेक्सस, टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा, व्हर्जिनिया अशी बरीच राज्यं करारात आहेत. कॅलिफोर्निया नाही. इलिनॉय नाही. माझ्याच शेजारचं मिझुरी घ्या. त्याच्या पश्चिम टोकाला कॅन्सस सिटीत मी बिनधास्त सीमा ओलांडते. त्याच राज्याच्या पूर्व टोकाला सेंट लुइस आहे, तिथे मिसिसिपीवरचा पूल ओलांडला की इलिनॉय लागतं आणि कॉम्पॅक्ट पुलाच्या अलीकडेच थांबतो.

माझी यादी पाठ करू नका. राज्यं नव्याने सामील होत असतात. आयोगाच्या संकेतस्थळावर नकाशा असतो, तो पाहा. एक बारकावाही लक्षात ठेवा: राज्याने कायदा मंजूर करणं आणि तो अमलात येणं यांत कधी कधी बरंच अंतर पडतं. नकाशात ही दोन्ही प्रकारची राज्यं वेगळी दाखवलेली असतात, रंगाचा अर्थ वाचल्याशिवाय पान बंद करू नका.

३. नाव. यावर मी थोडी जास्त थांबणार आहे

मराठी माणसाला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त त्रास परीक्षेचा होत नाही, नावाचा होतो.

आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं एकत्र असतात. ड्रायव्हिंग लायसन्सवर त्यातलं दुसरं नाव कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्याला चिकटतं, कधी अर्धवट कापलं जातं. लग्नाआधीची कागदपत्रं माहेरच्या आडनावाने असतात ती आणखी वेगळी.

मी रजिस्ट्रीचं खातं उघडलं तेव्हा घाईत माहेरचं आडनाव मधल्या नावाच्या जागी टाकलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर तिथे नवऱ्याचं नाव होतं, तेही पहिल्या नावाला जोडून. परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या बाईंनी ओळखपत्र पाहिलं, यादी पाहिली आणि मला परत पाठवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तीन महिने रात्री मुलीला झोपवून केलेला अभ्यास घेऊन मी गाडीत बसून रडले. पुन्हा तारीख, पुन्हा फी.

म्हणून हे करा:

- आधी ठरवा की सगळीकडे कोणतं सरकारी ओळखपत्र दाखवणार. बहुतेकांसाठी ड्रायव्हिंग लायसन्स.
- त्यावर जसं छापलंय, अक्षर न् अक्षर तसंच नाव कोर्सच्या नोंदणीत, रजिस्ट्रीच्या खात्यात, राज्याच्या अर्जात आणि बोटांच्या ठशांच्या फॉर्मवर घाला.
- ओळखपत्रावरच नाव चुकलेलं असेल तर कोर्स सुरू होण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. मध्यावर बदललंत तर जुन्या-नव्या नावांची जुळणी करत बसावं लागतं.
- लग्नामुळे किंवा नागरिकत्व घेताना नाव बदललं असेल तर त्याचा कागद पीडीएफ करून ठेवा.

रजिस्ट्रीचं खातं उघडलं की १२ आकडी नॅशनल ईएमएस आयडी क्रमांक मिळतो, फुकट. तो तुमचा कायमचा क्रमांक. राज्य बदललं, ईएमटीचे पॅरामेडिक झालात, तरी तोच राहतो. पासवर्ड विसरलात म्हणून दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडू नका. दोन क्रमांक झाले की तुमचा परवाना एकाला जोडलेला आणि परीक्षा दुसऱ्याला, अशी अवस्था होते आणि ती निस्तरायला वेळ जातो.

४. कोर्स आणि परीक्षा

यावर भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून मोजकंच सांगते. कोर्स राज्याने मान्यता दिलेलाच हवा. भारतातली डिग्री किंवा १०८ वरचा अनुभव इथे परवान्यात बदलून मिळत नाही. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतो, इथे पेशंटजवळ ईएमटी किंवा पॅरामेडिक बसतो आणि तो एका डॉक्टरच्या, म्हणजे मेडिकल डिरेक्टरच्या, लेखी प्रोटोकॉलप्रमाणे काम करतो. तुम्ही बीएएमएस असा, एमबीबीएस असा, वर्गात पहिल्या बाकापासूनच सुरुवात करावी लागते. ज्ञान वाया जात नाही. वर्गात आमच्या कोल्हापूरच्या डॉक्टर बाई इतरांना हृदयाचे ठोके ऐकायला शिकवायच्या.

रजिस्ट्रीची ईएमटी परीक्षा संगणकावर होते: ७० ते १२० प्रश्न, दोन तास. उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न अवघड-सोपा होत जातो. पेपर ७० प्रश्नांतच थांबला म्हणून घाबरू नका, त्यावरून पास-नापास काही कळत नाही. नापास झालात तर १५ दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा जमलं नाही तर उजळणीचं प्रशिक्षण घेऊन आणखी तीन प्रयत्न मिळतात.

५. राज्याचा परवाना काढा, आणि तो निर्वेध ठेवा

परीक्षा पास झाल्याचा ईमेल आला की पेढे वाटा, पण गाडीवर चढू नका. राज्याच्या ईएमएस ऑफिसकडे वेगळा अर्ज करायचा असतो. कॅन्ससमध्ये ते काम बोर्ड ऑफ ईएमएस पाहतं, मिझुरीत आरोग्य खात्याचा ईएमएस विभाग. प्रत्येक राज्यात ऑफिसचं नाव वेगळं.

साधारण लागणारे कागद:

- चालू सरकारी ओळखपत्र
- कोर्स पूर्ण केल्याची नोंद (बहुतेक वेळा शिकवणारी संस्थाच थेट पाठवते)
- रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र आणि १२ आकडी क्रमांक
- आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचं चालू सीपीआर कार्ड, दोन वर्षं मुदतीचं
- बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणीची पावती
- नाव बदलल्याचा पुरावा, लागू असेल तर
- अर्जाची फी

ठसे कशाला, असं पुष्कळजण विचारतात. करारात येणाऱ्या राज्याने नव्या अर्जदारांची एफबीआयमार्फत ठशांवरून तपासणी करायलाच हवी, अशी करारातच अट आहे. एका राज्याने तपासलेल्या माणसावर दुसरं राज्य भरवसा ठेवणार, तर तपासणी सगळीकडे सारखी हवी. रजिस्ट्रीची परीक्षा सगळ्यांना सक्तीची ठेवण्यामागेही हाच विचार आहे.

अर्जात पूर्वी अटक किंवा शिक्षा झाली होती का, हा प्रश्न असतो. तो शब्दशः वाचा. 'केस मिटली, आता काय सांगायचं' असा विचार करून 'नाही' लिहिणाऱ्यांना त्या जुन्या केसपेक्षा लपवल्याचा त्रास जास्त होतो.

एच-४ आणि एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांसाठी दोन ओळी, कारण सर्वाधिक फोन यावरच येतात. राज्याचा परवाना आणि अमेरिकेत काम करायची परवानगी हे दोन पूर्ण वेगळे कागद आहेत. एच-४ वर तुम्ही कोर्स करू शकता, परीक्षा देऊ शकता, पण पगारी कामासाठी ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं सरकारी कार्ड, हवं. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून गाडीवर जाणंसुद्धा सरसकट मोकळं नाही, इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. कॉम्पॅक्टने व्हिसाचा कोणताही प्रश्न सुटत नाही.

६. मुभेसाठी अर्ज नसतो. मग ती आहे हे कळणार कसं?

प्रिव्हिलेज टू प्रॅक्टिससाठी फॉर्म नाही, फी नाही, वेगळं कार्ड नाही. अटी पुऱ्या झाल्या की ती आपोआप असते. अटी अशा:

- वय किमान १८. काही राज्यं त्याआधीही ईएमटीचा परवाना देतात. बारावीतल्या मुलामुलींनी लक्षात घ्या, तो परवाना त्या राज्यापुरताच चालेल.
- सदस्य राज्याचा चालू आणि कोणतंही बंधन नसलेला परवाना.
- पातळी ईएमटी, एईएमटी (ॲडव्हान्स्ड ईएमटी), पॅरामेडिक, किंवा ईएमटी आणि पॅरामेडिक यांच्या मधली राज्याने मान्य केलेली. ईएमआर, म्हणजे ईएमटीच्या खालची पातळी, यात येत नाही.
- मेडिकल डिरेक्टरच्या देखरेखीखाली काम.

खातरजमा करायची असेल तर नॅशनल ईएमएस कोऑर्डिनेटेड डेटाबेस आहे. सदस्य राज्यं त्यात परवान्यांची माहिती भरतात आणि कोणालाही त्यात शोधता येतं. आपला १२ आकडी क्रमांक टाका, तुमचा परवाना आणि मुभेची स्थिती समोर येते. माझी सवय अशी: परवान्याचं नूतनीकरण झालं की आठवड्याभराने तिथे जाऊन पाहायचं आणि ते पान जपून ठेवायचं. राज्याच्या ऑफिसात नूतनीकरण झालंय पण डेटाबेसमध्ये जुनीच तारीख दिसतेय, अशा वेळी तुमचा पर्यवेक्षक डेटाबेसवर विश्वास ठेवेल, तुमच्या शब्दावर नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसते. ही मुभा राज्याच्या परवान्यावर टिकते, रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र चालू आहे का यावर नाही. तरीही ते सोडू नका असंच मी सांगेन. ईएमटींसाठी दर दोन वर्षांनी ३१ मार्चला मुदत संपते, ४० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. नवऱ्याची नोकरी बदलली आणि करारात नसलेल्या राज्यात बिऱ्हाड हलवावं लागलं, तर तेच प्रमाणपत्र नव्या परवान्याचं दार उघडतं. माझ्या एका मैत्रिणीने ते सोडून दिलं होतं आणि नंतर तिला पुन्हा परीक्षेला बसावं लागलं.

७. सीमेपलीकडे काम करताना

मुभा आहे म्हणजे केव्हाही कुठेही जायचं, असा अर्थ नाही. कायद्याचे शब्द आहेत: योग्य अधिकारी किंवा संस्थेने नेमून दिलेलं ईएमएसचं काम. साध्या भाषेत, तुम्ही ड्युटीवर हवेत, तुमच्या संस्थेने पाठवलेलं हवं आणि वर मेडिकल डिरेक्टर हवा.

त्या चौकटीत मात्र बरंच काही बसतं. माझ्या रोजच्या कामातून सांगते. कॅन्ससमधून पेशंट घेऊन मिझुरीच्या हॉस्पिटलात नेणं चालतं. रिकामी गाडी घेऊन मिझुरीत जाऊन तिथला पेशंट कॅन्ससला आणणं चालतं. मिझुरीतच एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात नेणंही चालतं. मिझुरीतून उचलून तिसऱ्या सदस्य राज्यात, समजा आयोवात, पोचवणंही चालतं.

आता स्कोप, म्हणजे पेशंटवर तुम्ही काय काय करू शकता. मूळ नियम असा की होम स्टेटने तुम्हाला जे करायची परवानगी दिलीय तेच तुमच्यासोबत प्रवास करतं, रिमोट स्टेटच्या योग्य अधिकाऱ्याने त्यात बदल केला नसेल तर. कोलोरॅडोत जादा प्रशिक्षण घेतलेल्या ईएमटीला शिरेत सलाइन लावायची परवानगी मिळते. असा ईएमटी ज्या राज्यात ईएमटींना ते मोकळं नाही तिथे गेला, तर कायद्याने त्याचा स्कोप त्याच्यासोबत आहे, पण तिथला अधिकारी किंवा त्याचा मेडिकल डिरेक्टर तो आखडता घेऊ शकतो. म्हणून जाण्याआधी प्रोटोकॉलचं पान मागून वाचायचं.

उलटी बाजू जास्त धोक्याची. समोरच्या राज्यातले ईएमटी जे सर्रास करतात ते तुमच्या राज्याने तुम्हाला दिलेलं नसेल, तर तुम्हाला ते करता येत नाही. एका रात्री सीमेपलीकडच्या हॉस्पिटलातून पेशंट घेताना सिस्टर म्हणाल्या, वाटेत हे औषध चालू ठेव, आमच्याकडचे सगळे ठेवतात. माझ्या स्कोपमध्ये ते नव्हतं. मी नाही म्हटलं, आमच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि पॅरामेडिक असलेली दुसरी गाडी येईपर्यंत पेशंटजवळ थांबले. सिस्टर वैतागल्या, पेशंटचा मुलगा वैतागला. त्याच्या जागी मी असते तर मीही वैतागले असते. पण ते औषध वाहत असताना रक्तदाब कोसळला तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ येईल. नाही म्हणा, फोन लावा, थांबा.

आणि हे विसरू नका: कॉम्पॅक्ट माणसाला मुभा देतो. गाडी, संस्था, औषधांचा साठा यांच्यासाठी प्रत्येक राज्याचे आपापले नियम आहेत. तुमची कागदपत्रं चोख असली तरी संस्थेला त्या राज्यात काम करायची परवानगी नसेल तर अडचण होऊ शकते. नोकरी स्वीकारताना सरळ विचारा: आपली सेवा कोणकोणत्या राज्यांत नोंदलेली आहे? मी सुरुवातीला हे विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी पर्यवेक्षकाने करारात नसलेल्या राज्यातला कॉल दिला आणि म्हणाला, कॉम्पॅक्ट आहे ना, जा. मी नकाशा उघडून दाखवला तेव्हा कॉल दुसऱ्या सेवेकडे गेला. पेशंट नुसता पोचवायला येणाऱ्या बाहेरच्या रुग्णवाहिकांना काही राज्यं सूट देतात, पण ती सूट कॉम्पॅक्टची नसते. संस्थेने ती लेखी दाखवावी.

८. जिथे कॉम्पॅक्ट लागू होत नाही

*सुट्टीवर असताना.* दुसऱ्या राज्यात फिरायला गेलात, हायवेवर अपघात दिसला. जरूर थांबा, ९११ ला फोन करा, रक्त थांबवा, सीपीआर द्या. पण तेव्हा तुम्ही मदतीला धावलेला एक माणूस आहात आणि त्या राज्याचा मदतकर्त्यांना संरक्षण देणारा कायदा तुम्हाला लागू होतो. नेमून दिलेलं काम नाही, म्हणून कॉम्पॅक्टची मुभाही नाही.

*मंडळाचे कार्यक्रम.* हे मुद्दाम लिहिते. गणेशोत्सव, दिवाळी, बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन, कुठेही आपल्या लोकांना कळलं की ही ईएमटी आहे, तर प्रथमोपचाराच्या टेबलावर बसायचा आग्रह होतो. २०२४ चं अधिवेशन सॅन होजेला होतं, म्हणजे कॅलिफोर्नियात, करारात नसलेल्या राज्यात. करारातलं राज्य असतं तरी मंडळाची समिती म्हणजे मेडिकल डिरेक्टर असलेली ईएमएस संस्था नव्हे. आयोजकांना स्थानिक सेवेशी बोलायला सांगा. त्या सेवेने तुम्हाला रीतसर घेतलं तर आनंदाने बसा. नाहीतर सीपीआर येणारी कार्यकर्ती म्हणून मदत करा आणि ईएमटीचा बिल्ला घरी ठेवा. नऊवारीतल्या काकू ढोलाच्या पथकात चक्कर येऊन पडल्या तर त्यांना सावलीत झोपवायला परवाना लागत नाही.

*मोठी आपत्ती.* चक्रीवादळ, पूर. राज्यपाल आणीबाणी जाहीर करतात आणि 'इमॅक' हा राज्याराज्यांतला आपत्ती-मदतीचा वेगळा करार सुरू होतो. १९९६ ला अमेरिकी काँग्रेसने त्याला मान्यता दिली आणि पन्नासही राज्यं त्यात आहेत. दोन करारांत कुठे विसंगती आली तर इमॅकचा शब्द शेवटचा. बोलावणं राज्यामार्फत येतं. आपली गाडी काढून परस्पर निघू नका. तिथे आधीच जेवणाची आणि निवाऱ्याची मारामार असते, त्यात कोणी न मागितलेला माणूस वाढतो.

*बिऱ्हाड हलवल्यावर.* कॉम्पॅक्ट रोजच्या ये-जा साठी आहे. दुसऱ्या राज्यात कायम नोकरी धरणार असाल तर तिथला परवाना काढा. सैन्यातून बाहेर पडलेले आणि त्यांचे पती-पत्नी यांच्याकडे रजिस्ट्रीचं चालू प्रमाणपत्र असेल, तर सदस्य राज्यांनी त्यांचे अर्ज लवकर निकाली काढायचे अशी करारात खास तरतूद आहे.

९. तक्रार किंवा कारवाई झाली तर

परवान्यावर कारवाई करायचा हक्क तो देणाऱ्या राज्याचा. रिमोट स्टेट तुमची तिथली मुभा काढून घेऊ शकतं आणि तसं तुमच्या होम स्टेटला कळवतं. डेटाबेस सामायिक असल्यामुळे एका राज्यातली गोष्ट दुसऱ्यात झाकून राहत नाही. पेशंटच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच आहे. एका राज्यात चुकून दुसऱ्यात कोऱ्या पाटीने सुरू करायची सोय पूर्वी होती, ती बंद झाली.

दोन सदस्य राज्यांचे परवाने बाळगणाऱ्यांनी एक सापळा ओळखून असावं. दोन्ही राज्यं तुमची होम स्टेट ठरतात. त्यातल्या एकाने जरी परवाना स्थगित केला किंवा त्यावर बंधन घातलं, तरी दुसऱ्या स्वच्छ परवान्याच्या जोरावर तिसऱ्या राज्यात काम करता येत नाही. बंधन उठेपर्यंत मुभा बंद. तेव्हा वापरात नसलेल्या राज्याच्या पत्रांकडेही दुर्लक्ष करू नका, पत्ता बदलला तर त्या ऑफिसलाही कळवा.

नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या, वकील शोधा, संस्थेला लपवू नका, आणि सीमेपलीकडचे कॉल घेणं त्याच दिवसापासून थांबवून मुभेची स्थिती तपासा.

१०. पहिल्या पाळीच्या आदल्या दिवशी

मी नव्या मुलींना एवढं करायला लावते. डेटाबेसमध्ये स्वतःचं नाव शोध. परवाना आणि सीपीआर कार्ड यांच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये नव्वद दिवस आधीच्या आठवणीसह टाक. प्रोटोकॉल डाउनलोड कर, कारण सीमेवरच्या गावात नेटवर्क जातं. मेडिकल कंट्रोलचा, म्हणजे ड्युटीवर सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचा, नंबर स्पीड डायलला ठेव. संस्था कोणत्या राज्यांत नोंदलेली आहे ती यादी पर्यवेक्षकाकडून ईमेलवर मागून घे.

काही अडलं तर राज्याच्या ईएमएस ऑफिसला विचारा, आणि फोनवर उत्तर मिळालं तरी त्यांना तेच ईमेलने पाठवायची विनंती करा. माझ्या फोनमध्ये अशा ईमेलचा एक वेगळा फोल्डर आहे, आणि पाळीवर असताना मी तो आजवर तीनदा उघडून दाखवला आहे.